जॉर्डन हॉलमध्ये सगळंच फुकट नाही

बॉस्टनच्या मराठी गटांत एक निरोप फिरतोय: ‘जॉर्डन हॉलचे सगळे कार्यक्रम मोफत, थेट जाऊन बसा.’ हे अर्धंच खरं आहे. १९०३ साली उघडलेलं हे सभागृह न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयाचं. तिथल्या विद्यार्थ्यांचे आणि प्राध्यापकांचे बहुतेक कार्यक्रम मोफत असतात. पण बाहेरच्या संस्थाही हॉल भाड्याने घेतात, त्यांच्या कार्यक्रमांना सहसा तिकीट लागतं. म्हणून आयोजक कोण, ते आधी बघा.

शिवाय निरोपातला फोटो सिम्फनी हॉलचा आहे! ती हंटिंग्टन अव्हेन्यूवरची जवळचीच, पण वेगळी वास्तू. जॉर्डन हॉल गेन्सबरो स्ट्रीटवर आहे. मंचामागे ऑर्गनच्या उंच नळ्या दोन्हीकडे दिसतात, म्हणून तेवढ्यावरून ओळखू नका, पत्ता बघा. मुलांना जरूर न्या, विद्यार्थ्यांचं वादन खरोखर ऐकण्यासारखं असतं.