‘आधी शिका, मग कारभार करा’ म्हणणाऱ्यांना

सातारा-सांगलीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: गावातल्या बायकांचं नेतृत्व कागदावरचं आहे, सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा. जो काही बदल दिसतो तो शहरातून आलेल्या संस्थांनी केलेला. म्हणून आधी बायांना शिकवा, मग पदं द्या. आणि आदिवासी, भटक्या बायांना तर पुढे यायचंच नसतं.

शिक्षणाचा मुद्दा आधी घेते, कारण तो भल्याभल्यांना पटतो.

माण तालुक्यात पाऊस कमी. बाप्ये कामाला मुंबईला आणि घर, शेत, जित्राबं बायांच्या अंगावर. म्हसवडला रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी निवाऱ्यावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोजचे थोडे पैसे साठवायचे होते. इतक्या किरकोळ रकमेचं खातं उघडायला बँका तयार होईनात. त्यातून बायांची स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण सभासद बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा मुंबईला गेल्या. तिथे अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही मुदलावरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला लावा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे रोजगार बुडवून बँकेत येणं परवडत नाही असं बायांनी सांगितलं, तेव्हा बँकच दारात जायला लागली.

यात आधी काय आलं, ते नीट बघा. बँक हवी होती म्हणून अक्षरं गिरवली गेली. हिशेब तर त्यांना त्याआधीपासून येत होता. या बायांना ‘आधी शिका’ म्हणून घरी बसवलं असतं, तर बँकही झाली नसती आणि वर्गही भरले नसते.

आता कुणी म्हणेल, ही बँक उभी करण्यात पुढे असलेल्या चेतना सिन्हा तर मुंबईच्या. खरं आहे. कागदपत्रं करायला, दिल्ली-मुंबईची दारं ठोठवायला अशा माणसाची मदत झाली, ती मी कमी लेखत नाही. पण गरज कुणी सांगितली आणि नियम कुणी बदलायला लावले? सांगलीतही तेच दिसतं. ‘संग्राम’ संस्थेने १९९२ मध्ये एचआयव्ही रोखण्याचं काम हाती घेतलं. देहविक्रयाचा धंदा करणाऱ्या बायकांनी कंडोम वाटण्याचं, एकमेकींना समजावण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. आमचा उद्धार करायला निघालेल्यांपासून आम्हाला वाचवा, ही त्यांची घोषणा. बाहेरच्यांच्या ताटाखालची मांजरं अशी घोषणा देत नाहीत. आणि संस्था हा शब्दही कानावर नव्हता तेव्हा, इंग्रजांना डावलून साताऱ्यात चाललेल्या प्रतिसरकारच्या काळात, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लेक हौसाताई इंग्रजांविरुद्ध लढत होत्याच.

सरपंच बाईच्या नावावर नवरा कारभार करतो, हे सरपंचपतीचं म्हणणं मात्र पूर्ण खोटं नाही. तसं घडतं आणि ते थांबलं पाहिजे. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पॅनेलप्रमुखाच्या नाहीतर कारखान्याच्या पुढाऱ्याच्या शब्दावर सही करणारे पुरुष सरपंचही आहेत. त्यावरून पुरुषांना कारभार झेपत नाही, असं कुणी म्हणत नाही.

बाया नवरा सांगेल तसंच मत देतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘आडव्या बाटली’चं, म्हणजे दारूबंदीसाठी गावात होणारं मतदान बघावं. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची आणि मग मतदानात निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत. तीही आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी. म्हणजे जी बाई त्या दिवशी उसाच्या फडात गेली, आजारी पडली किंवा लग्न होऊन सासरी गेली पण नाव यादीत राहिलं, ती दुकानाच्या बाजूने धरल्यासारखी. घरात पिणारा माणूस असताना दारोदार फिरून, एकेकीला रांगेत आणून निम्म्याचा आकडा गाठायचा, हे काम कागदावरच्या नेतृत्वाने होत नाही.

राहिल्या ‘पुढे यायचंच नसतं’ म्हणून हिणवलेल्या बाया. फासेपारधी बाईला अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला लागतो आणि त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा. भटक्या-विमुक्तांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१. ज्यांच्या आज्या-पणज्यांना इंग्रजी कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही ज्यांना गावाने वेशीत टिकू दिलं नाही, त्यांनी १९५० चा पत्ता कुठून आणायचा? निवडून आली तरी तो दाखला खरा असल्याचं वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही, तर पद जातं. हा अडथळा इच्छेचा नाही, कागदाचा आहे, आणि कागद आपल्याच कचेऱ्यांतून निघतात. दाखल्यांचं शिबिर पारधी वस्तीवर लावा, तलाठी आणि ग्रामसेवकाने तिथे बसून गृहचौकशी, म्हणजे घरोघरी विचारपूस करावी, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडता येतो. तो मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी हा ठराव मांडावा. अनुमोदन द्यायला मी येते.