हे ऊद नेमकं कुठलं?

दुबईत ऊदाच्या तेलाची कुपी उचलून 'हे कुठलं?' असं विचारलं, की उत्तर जिभेवर तयार असतं: हिंदी (म्हणजे आसामकडचं), कंबोडी, बर्मी. (धुपाटण्यात घालतो तो ऊद वेगळा, हा अगरूच्या झाडाचा.) मायदेशी मात्र या उत्तरावर लोक चिडतात. आसामच्या नावावर आखातात वाट्टेल ते खपवतात, मिसळलेलं तेल म्हणजे सरळ भेसळ, तेव्हा कुपीकुपीवर सरकारी शिक्का मारा, असा तिकडचा सूर. २०२४ पासून भारताला वर्षाला ७,०५० किलो अगरूचं तेल निर्यात करण्याची मुभा आहे, म्हणजे प्रश्न पोकळ अभिमानाचा नाही, पोटापाण्याचाही आहे.

पण मिसळणं म्हणजे भेसळ, हे काही मला पटत नाही. अगरूच्या निरोगी खोडाला हा वास नसतोच. झाडाला जखम झाली, बुरशी शिरली, की ते राळ धरतं. आणि दोन झाडं सारखी राळ धरत नाहीत. त्यात जुन्या पद्धतीच्या हिंदी तेलासाठी लाकूड कित्येक दिवस पाण्यात आंबवून मग भट्टीवर चढवतात. त्याचा थेंब मनगटावर टेकवला की आधी चक्क गोठा येतो. तासाभरानं चामडं, मग कुठे गोडवा. हा गोठा नवख्याला झेपत नाही, म्हणून जाणकार त्यात फळासारखा गोड कंबोडी वाण घालतो, खाली चंदनाची बैठक देतो. प्रमाण चुकलं तर दोन्ही तेलं एकमेकांना मारतात. इथे या मिश्रणाला मुखल्लत म्हणतात, ते उघडपणे विकतात आणि ते बनवणाऱ्याला मान असतो.

गंमत म्हणजे त्या चंदनाबद्दल कोणीच हटकत नाही. 'मैसुरी' म्हटलं की आपली माणसंही मान डोलावतात. त्याच जातीच्या चंदनाची मोठी लागवड आज पश्चिम ऑस्ट्रेलियात आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही.

बाजारातलं 'कंबोडी'ही बऱ्याचदा थायलंडच्या त्रात प्रांतातल्या बागांमधून येतं. विक्रेता त्या नावानं वासाचा घाट सांगत असतो आणि गिऱ्हाईक देश ऐकतं. ही गफलत त्याच्या पथ्यावर पडते, म्हणून तो ती दुरुस्त करत नाही. इथवर मी त्याला लबाड म्हणणार नाही. 'जंगली झाडाचं, आजोबांच्या काळातलं' सुरू झालं, की मात्र मी कुपी खाली ठेवतो.

आता शिक्क्याचं. अगरूच्या सगळ्या जाती २००५ पासून सायटीस या वन्यजीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. सीमा ओलांडायला परवाना लागतो. पण परवाना मालाच्या खेपेचा. दुकानात त्या खेपेतून छोट्या कुप्या भरल्या, दोन तेलं एकत्र केली, की कागद मागे राहतो. शिवाय प्रवाशाला स्वतःसाठी माणशी २४ मिलिलिटर तेल परवान्याविना नेण्याची सूट आहे, म्हणजे इथल्या मापानं जवळपास दोन तोळे. प्रयोगशाळेत पातळ करायला घातलेलं रसायन किंवा कृत्रिम गंध सापडतो. पण आसाम आणि सीमेपलीकडचं बांगलादेशातलं मौलवीबाजार, दोन्हीकडे झाडाची जात एकच. यंत्रानं त्यातून देश नेमका कसा वेगळा काढायचा? त्यामुळे कुपीवरच्या शिक्क्यानं गिऱ्हाइकाला धीर येईल, पण आतल्या तेलाची हमी मिळणार नाही.

तरी इथल्या 'नाकावर भरवसा ठेवा' या सल्ल्यालाही मी भुलत नाही. नाक बरं-वाईट सांगतं, गाव सांगत नाही. मी विक्रेत्याला देश विचारणं सोडून दिलंय. यात काय काय आहे, कोणत्या भट्टीवर आणि कधी गाळलं, हे विचारतो. 'अर्ध्याहून जास्त आसामचं, बाकी थायलंडचं, चंदन कुठलं ते मलाही ठाऊक नाही,' असं म्हणणाऱ्याकडून मी निर्धास्त घेतो.

मायदेशी मागणी करायचीच असेल तर ती आसामातल्या होजाईच्या भट्टीवाल्याचं नाव आणि गाळल्याचं वर्ष खेपेबरोबर शेवटपर्यंत जावं, अशी हवी. आखात त्याला नाही म्हणेल असं मला वाटत नाही. अडून बसेल तो मधला आपलाच व्यापारी, कारण नाव छापलं की इथला मोठा गिऱ्हाईक पुढच्या खेपेला थेट त्या भट्टीवाल्याला फोन लावेल.