बर्फाखालच्या लाटा आणि न येणारी त्सुनामी

काल रात्री भाचीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे खरं असेल तर कोणीच काही का करत नाही?" ती नववीत आहे आणि खरोखर घाबरली होती. फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा: आर्क्टिकचा समुद्र बर्फाच्या झाकणाखाली निश्चल असतो, झाकण गेलं की पाण्याखालच्या 100 मीटर उंचीच्या लाटा 'सुटतील' आणि जगभरचे किनारे बुडवतील, त्याच लाटा खालची उष्णता वर आणून उरलेला बर्फ एका उन्हाळ्यात संपवतील, आणि शास्त्रज्ञ हे सगळं दडवून ठेवतात.

आधी त्सुनामी, कारण पोरीची झोप त्यानेच उडवली. फॉरवर्डमधली पाण्याखालची लाट म्हणजे अंतर्गत लाट; ती समुद्राच्या पृष्ठभागावर नसते, आत असते. वर हलकं, कमी खारट पाणी आणि खाली जड, खारट पाणी असे थर असतात, आणि ही लाट त्यांच्या दरम्यान उठते. दोन थरांच्या घनतेत फरक असतो हजारात काही भागांचा. पाण्यातल्या पाण्यात पाणी उचलायला फार जोर लागत नाही, म्हणून ही लाट दहा-दहा मीटर सहज चढते. पण तेव्हा वरचा पृष्ठभाग हलतो जेमतेम काही सेंटीमीटर. वेगही पाहा. चार किलोमीटर खोल समुद्रात त्सुनामी ताशी सुमारे 700 किलोमीटरने धावते. आर्क्टिकमधली अंतर्गत लाट माणसाच्या चालीने जाते, बहुतेकदा त्याहूनही हळू. या दोन गोष्टी एकाच वाक्यात लिहिणाऱ्याने दोन्हींपैकी एकही समजून घेतलेली नाही.

आणि उंच अंतर्गत लाटा किनारे बुडवत असत्या, तर दक्षिण चीन समुद्राचा किनारा कधीच उरला नसता. फिलिपिन्स आणि तैवान यांच्यामधल्या लुझॉनच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचं पाणी समुद्रतळाच्या डोंगररांगांवरून जातं आणि तिथून 200 मीटरहून उंच अंतर्गत लाटा पश्चिमेकडे निघतात. त्या प्रत्यक्ष मोजल्या गेल्या आहेत. तिथे ना बर्फाचं झाकण आहे, ना त्यांच्यामुळे त्सुनामी येते. पाणबुड्यांना आणि खोल समुद्रातल्या तेलविहिरींना अशा लाटा त्रासदायक ठरतात, एवढं खरं.

'निश्चल' हा शब्दही चुकीचा. 1893 च्या ऑगस्टमध्ये सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ नॉर्वेचे ध्रुवसंशोधक नान्सेन यांचं 'फ्राम' जहाज इंजिन चालू असूनही जागीच धरून ठेवल्यासारखं रेंगाळू लागलं. स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमान यांनी पुढे टाकीतल्या प्रयोगांतून कारण दाखवलं: वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पसरलेलं होतं, आणि जहाजाची शक्ती त्या दोन थरांमध्ये लाटा उठवण्यात खर्ची पडत होती. हे संशोधन 1904 साली छापलं गेलं.

अर्धसत्य मात्र मान्य करावं लागेल: आर्क्टिकच्या खोल भागातल्या अंतर्गत लाटा इतर महासागरांच्या मानाने फार क्षीण असतात, ऊर्जेत दहापट ते शंभरपट कमी. घट्ट बर्फ वाऱ्याचा जोर अडवतो आणि बर्फाच्या खडबडीत तळाशी घासून लाटांची ऊर्जा विरते. पण सगळं श्रेय बर्फाला नाही. साधारण 74.5 अंश अक्षांशाच्या उत्तरेला, पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे, चंद्रामुळे दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीची ऊर्जा अंतर्गत लाट होऊन मोकळी दूर जाऊ शकत नाही. ती अट बर्फ वितळल्याने बदलत नाही. शिवाय सुटे झालेले, वाहते तुकडे कधीकधी मोकळ्या पाण्यापेक्षाही जास्त जोर वाऱ्याकडून पाण्याला देतात. 'झाकण' म्हटलं की यातलं काहीच दिसत नाही.

उष्णतेचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून तो असा विटाळलेला पाहून जास्त चीड येते. अटलांटिकमधून आलेलं उबदार पाणी आर्क्टिकमध्ये साधारण दीडशे-दोनशे मीटरखाली आहे आणि त्यात सगळा समुद्री बर्फ वितळवण्याइतकी उष्णता आहे, हे खरं. पण ती वर यायला थर घुसळले जायला हवेत. गथ्री, मॉरिसन आणि फेर या समुद्रशास्त्रज्ञांनी 2013 साली जुनी-नवी मापनं शेजारी ठेवून नेमकं हेच तपासलं. बर्फ इतका घटूनही अंतर्गत लाटांची ऊर्जा आणि घुसळण कमीच राहिलेली आढळली. त्यांचा अंदाज असा की वरच्या थरात गोडं पाणी वाढलं, थरांमधला फरक तीव्र झाला, आणि त्यामुळे बर्फाखालच्या घर्षणात लाटांची ऊर्जा अधिकच विरू लागली असावी. हे चित्र सगळीकडे सारखं नाही. आर्क्टिकच्या युरोप-आशियाकडच्या बाजूला, पूर्व युरेशियन खोऱ्यात, उष्णतेचा वर येणारा प्रवाह 2007-08 मध्ये दर चौरस मीटरला 3-4 वॅट होता, तो 2016-18 मध्ये 10 वॅटच्या वर गेला. काळजी करायची तर या आकड्यांची करा. एका उन्हाळ्यात सगळं संपण्याची गोष्ट यातून निघत नाही.

राहिला दडवण्याचा आरोप. 2004 पासून अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रसंशोधन संस्थेची उपकरणं बर्फाला टांगलेल्या तारेवरून साधारण 750 मीटर खोलीपर्यंत खाली-वर करत तापमान आणि क्षारता मोजतात. त्यांच्या नोंदी उपग्रहामार्फत येतात आणि कोणालाही पाहता येतात. मी भाचीला त्यातलाच एक आलेख पाठवला. तिने लगेच विचारलं, "दोनशे मीटरच्या खाली हा गरम भाग म्हणजे अटलांटिकचं पाणी ना?"