घराबरोबर लोहारशाळाही जपा

"शोधकाचं राहतं घर जपलं की त्याचं काम जपलं जातं," हे शोधकांच्या घरांच्या संग्रहालयांवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. कापणी यंत्राचा अमेरिकन शोधक सायरस मॅकॉर्मिक याच्या ज्या व्हर्जिनियातल्या शेतघराचं उदाहरण दिलंय, तिथं खरं मोल आहे ते लोहारशाळेला. १८३१ मधलं कापणी यंत्र त्या शेतावर घडलं आणि जो अँडरसन नावाचा गुलाम माणूस त्या कामात सोबत राबला. त्याचं नाव लेखात यायलाच हवं होतं. दिवाणखान्यातल्या खुर्च्या बघून हे कुणाला कळणार?

आम्ही पलूसकडचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर कारखाना उभा केला. लोखंडानं जमिनीला विष होतं म्हणणाऱ्या शेतकऱ्यांच्या गळी त्यांनी लोखंडी नांगर उतरवला. तसला एक नांगर आमच्या गोठ्यात आहे. फाळ एका अंगानं झिजलाय, रुमण्याला आजोबांनी गुंडाळलेली तार अजून तशीच. भंगारवाला येता-जाता किलोचा भाव सांगून जातो. सांगली जिल्ह्यात असं संग्रहालय कुणी काढणार असेल तर हा नांगर मी देतो, पण काचेत ठेवायला नाही. बैल जुंपून पोरांसमोर दोन तासं मारून दाखवा.