तोंड वाकडं झालंय? मग ट्रम्पेट खाली ठेवा

'तोंडावरून वारं गेलं तर गोळ्या घेऊ नका. मोहरीचं तेल चोळा आणि रोज तासभर ट्रम्पेट फुंका, नाहीतर फुगे फुगवा. जितकं जोरात फुंकाल तितक्या लवकर गाल जागेवर येईल.' सांगली-मिरजेच्या बँडवाल्यांत फिरणारा हा मेसेज माझ्या चुलतभावाला त्याच्या बँडमास्तरांनीच पाठवला. ऐन लग्नसराईत त्याचा उजवा गाल लुळा पडला होता. त्याने मेसेज खरा मानला आणि फुंकायला बसला.

तोंडावरून वारं जाणं म्हणजे बहुतेकदा बेल्स पाल्सी, चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडण्याचा आजार. त्यात दुखणं गालात नसतंच. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद वाटेने येते, तिथे ती सुजून दबते. गालाला हुकूमच पोचत नाही, तर फुंकून तो सुधारणार कसा? ट्रम्पेटचा सूर ओठांच्या थरथरीतून निघतो आणि त्यासाठी तोंडाचे दोन्ही कोपरे घट्ट धरावे लागतात. लुळ्या कोपऱ्यातून हवा निसटते, मग वाजवणारा माउथपीस ओठावर जास्तच दाबतो आणि चांगल्या बाजूला ओढतो. भावाच्या वरच्या ओठाला आतून दातांचे वळ उठले होते, आणि सुराच्या नावाने नुसती फसफस. फिजिओथेरपिस्ट आरशासमोर सावकाश, छोट्या हालचाली करायला सांगतात, ते उगाच नाही.

'गोळ्या घेऊ नका' हे तर घातकच. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेली चाचणी २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. तोंड वाकडं झाल्यापासून ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केलेल्यांपैकी ९४.४ टक्के लोक ९ महिन्यांनी पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांपैकी ८१.६ टक्के. म्हणजे बहुतेकांचं औषधाविनाही बरं होतं, एवढं मान्य. तेलाचं आणि फुग्यांचं नाव त्यावरच मोठं झालंय. पण उरलेल्यांचं काय? ट्रम्पेटवर पोट असणाऱ्याला अर्धवट बरा झालेला ओठ परवडत नाही, आणि ते ७२ तास फुंकण्यात गेले की परत मिळत नाहीत. शुगर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या गोळ्यांनी ती वाढते.

शिवाय प्रत्येक वाकडं तोंड बेल्स पाल्सीचं नसतं. तोंड वाकडं पण कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडतात, हात लुळा पडलाय, जीभ अडखळते, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथे तासभरही थांबू नका.

तेल चोळायचं तर चोळा, डोळ्यात जाऊ देऊ नका. पापणी मिटत नसेल तर डॉक्टरांनी दिलेले थेंब घाला, रात्री डोळा पट्टीने बंद ठेवा.

आणि मास्तर, सुपारी घेतलीय हे कळतं. या सीझनला त्याच्या गळ्यात साइड ड्रम द्या, पण मजुरी कापू नका.