एक-चौदावर नाव आहे, तेवढ्याने जमीन त्याची होत नाही

गोव्यात जमीन शोधणाऱ्या पुण्या-मुंबईकरांच्या व्हॉट्सॲप गटांत आणि आता इथल्या घराघरांतही एक संदेश फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: 'गोव्याचा एक-चौदा म्हणजे आपला सातबाराच. त्यावर विकणाऱ्याचं नाव दिसलं की तोच मालक. पोर्तुगीज काळातले कागद १९६१ नंतर बाद झाले, ते मागत बसू नका. सब-रजिस्ट्रार मालकी तपासूनच दस्त नोंदवतो. बोजा नसल्याचा दाखला घ्या, म्युटेशन (फेरफार) करून घ्या, विषय संपला. पुढे काही निघालंच तर रेकॉर्ड सरकारी आहे, सरकार बघून घेईल.'

मी म्हापशात जमिनीचे कागद वाचण्याचं काम करते. हा संदेश मोबाइलवर दाखवत माणसं येतात, त्यातली काही विसार देऊन मोकळी झालेली असतात. म्हणून त्यातलं एकेक विधान घेऊन उत्तर लिहिते आहे.

'एक-चौदा म्हणजे सातबारा' हे बरोबर आहे. पण सातबाराही मालकीचा दस्त नव्हे, हे संदेश लिहिणारा विसरला. दोन्ही महसुली उतारे. सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्रफळ, जमीन बागायत की भातशेती की खाजन (बांध घालून खाडीकडून राखलेली शेती), कब्जेदार कोण, कूळ कोण, इतर हक्क कोणाचे, एवढं त्यावर असतं. गोवा जमीन महसूल संहिता १९६८ ची. तिच्या कलम १०५ प्रमाणे हक्कनोंदणीतली नोंद 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' खरी धरली जाते. म्हणजे उतारा निरुपयोगी नाही, न्यायालयात त्याला वजन आहे. पण विरुद्ध सिद्ध करणारा कागद कोणाच्या कपाटातून निघाला की ते वजन उतरतं. सर्वोच्च न्यायालयाने सूरजभान प्रकरणात २००७ साली स्पष्टच म्हटलं आहे की महसुली नोंदीमुळे कोणाला मालकी मिळत नाही, ती नोंद सारा वसुलीपुरती. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयाचा.

शिवाय ही नावं उताऱ्यावर आली कशी, तेही पाहायला हवं. आजचे सर्व्हे नंबर मुक्तीनंतरच्या, १९७० च्या दशकातल्या मोजणीतून आले. त्या वेळी जो गावात होता आणि मोजणीदारासमोर उभा राहिला, त्याचं नाव लागलं. थोरला भाऊ, पुतण्या, राखणदार, कधी भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, कारभारी. मुंबईत नोकरीला असलेला धाकटा, आफ्रिकेत गेलेला काका, लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणी यांची नावं राहून गेली. राहिलेल्या नावाने हक्क जात नाही.

आता 'नाव दिसलं की तोच मालक' या वाक्याकडे येते. सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं, कारण महाराष्ट्रातून येणाऱ्याला गोव्याचा कुटुंबकायदा माहीत नसतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू आहे. वारसाचा भाग आता २०१२ च्या वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्यात आला आणि तो कायदा डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. पण गाभा तोच राहिला. लग्नाआधी वेगळा करार नोंदवलेला नसेल, तर गोव्यात विवाह झालेल्या नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. दोघांचा अर्धा-अर्धा वाटा, कागदावर नाव कोणाचंही असो. माहेरून किंवा बापाकडून वारशाने आलेली जमीनसुद्धा या सामाईकात येते.

समजा, पेडण्यात नारळी-पोफळीचा एक तुकडा आहे. उताऱ्यावर एकच नाव, वडिलांचं. वडील वारले. मागे आई, एक मुलगा, दोन मुली, तिघांचीही लग्नं झालेली. आईचा अर्धा वाटा आधीपासूनच तिचा, तो वारशाचा भाग नव्हे. उरलेला अर्धा, मृत्युपत्र नसेल तर, तिन्ही मुलांना सारखा. मुलगा-मुलगी भेद नाही. आणि प्रत्येकाच्या वाट्यात त्याच्या जोडीदाराचाही अर्धा. म्हणजे त्या तुकड्याचे हक्कदार सात: आई, मुलगा, सून, दोन मुली, दोन जावई. मुलाने स्वतःचं एकट्याचं नाव उताऱ्यावर चढवून घेतलं आणि तो तुमच्यासमोर विकायला बसला, तर तो तुम्हाला फार तर स्वतःचा अविभक्त हक्क देऊ शकतो, आणि त्यालाही बायकोची सही हवी. विक्रीखतावर जावयांच्या सह्या कशाला, असं बाहेरचा खरेदीदार चिडून विचारतो. त्या सह्या म्हणजे त्याच्याच पैशाचं रक्षण आहे.

हे वारस कोण आहेत ते ठरवणारे कागद वेगळे असतात: विशेष नोटरीसमोर झालेला वारसदस्त, किंवा न्यायालयातलं इन्व्हेंटरी प्रकरण. इन्व्हेंटरीत सगळ्या मालमत्तेची यादी होते, वारसांमध्ये बोली लागते, कोणता तुकडा कोणाकडे गेला ते ठरतं. वारसदस्ताची सूचना सरकारी राजपत्राच्या तिसऱ्या मालिकेत छापून येते. यातलं काहीही एक-चौदावर आपोआप उमटत नाही. इन्व्हेंटरीत जमीन बहिणीला गेली आणि पुढे तीस वर्षं उताऱ्यावर भावाचंच नाव राहिलं, असं घडू शकतं, कारण नाव बदलायला कोणी मामलेदाराकडे गेलंच नाही. बहिणींच्या बाबतीत मला हे फार लागतं. कायद्याने त्यांना पूर्ण वाटा दिला, तोही देशातल्या बहुतेक मुलींच्या कितीतरी आधी. आणि 'नाव दिसलं की मालक' म्हणणारा संदेश तो एका ओळीत पुसतो.

पोर्तुगीज कागद १९६१ नंतर बाद झाले, हे सरळ खोटं आहे. १९ डिसेंबर १९६१ ला राजवट बदलली. १९६२ च्या प्रशासन कायद्याने मात्र आधीचे कायदे, सक्षम अधिकाऱ्याने बदलेपर्यंत, चालूच ठेवले. ज्याची मालकी होती त्याची ती राहिली. त्या काळात मालमत्ता-नोंदणीचं कार्यालय होतं, कॉन्झर्व्हेटोरिया. तिथे दोन प्रकारच्या नोंदी व्हायच्या. एक वर्णनाची: मालमत्तेचं नाव, क्रमांक, पुस्तक, पान, चतुःसीमा. दुसरी हक्काची: ही मालमत्ता अमक्याच्या नावे, अमक्या दस्तान्वये. या दोहोंतला फरक जीव लावून समजून घ्यावा असा आहे. वर्णनाची नोंद जमीन कोणती ते सांगते, मालक कोण ते सांगत नाही. हक्काच्या नोंदीला मात्र मालकीचं गृहीतक चिकटलेलं असतं. विकणारा पुष्कळदा फक्त वर्णनाचा दाखला पुढे करतो, पिवळा कागद, पोर्तुगीज अक्षर, शिक्का. पाहणारा भारावतो. त्याच्या जोडीला हक्काची नोंद आहे का, आणि ती कोणाच्या नावे, हे विचारा. तिसरा कागद मात्रिझचा. ती कराची नोंदवही होती, घरपट्टीच्या पावतीइतकीच तिची ताकद.

या जुन्या नोंदींची अडचण मी लपवत नाही. त्यांना नकाशा नाही. पूर्वेला अमक्याच्या वारसांची मालमत्ता, पश्चिमेला ओहोळ, दक्षिणेला डोंगराचा माथा, अशी सीमा. तो ओहोळ आज गटारात गेला असेल. जुनं वर्णन आणि आजचा सर्व्हे नंबर एकच आहेत हे जुळवून दाखवावं लागतं, आणि अनेकदा एका जुन्या मालमत्तेचे पाच-सहा सर्व्हे हिस्से झालेले असतात. काम चिवट आहे, वेळ खातं, पोर्तुगीज वाचणारं माणूस लागतं. म्हणूनच 'बाद झाले' हे वाक्य इतकं आवडतं.

सब-रजिस्ट्रार मालकी तपासतो का? नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली तो दस्ताची नोंद करतो: सह्या करणारे तेच आहेत ना, मुद्रांक पुरेसा आहे ना, मालमत्तेचं वर्णन नीट आहे ना. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या के. गोपी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. विकणाऱ्याकडे मालकी आहे की नाही याच्याशी नोंदणी अधिकाऱ्याचा संबंध नाही, आणि मूळ दस्त दाखवल्याशिवाय नोंदणी नाकारण्याची मुभा देणारा तिथला नियम न्यायालयाने रद्द केला. नोंदणी झालेल्या खतातून तेवढंच तुमच्याकडे येतं, जेवढं विकणाऱ्याकडे होतं.

बोजा नसल्याच्या दाखल्याबद्दल थोडक्यात: तो सब-रजिस्ट्रारच्या पुस्तकांतून, मागितलेल्या वर्षांपुरता निघतो. मूळ दस्त बँकेत ठेवून काढलेलं कर्ज, न्यायालयातला दावा, इन्व्हेंटरी, कुळाचा किंवा मुंडकाराचा हक्क यांची हमी त्यात नाही. जरूर घ्या, पण त्याच्यावर झोपू नका.

कूळ आणि मुंडकार यांच्याविषयी संदेशात अवाक्षर नाही, म्हणून मीच जोडते. कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा कृषक दिन धरून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मानीव खरेदीदार केलं, म्हणजे त्या दिवशी त्याने ती विकत घेतली असं कायद्याने धरलं. मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा, त्याला १९७५ च्या कायद्याने घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र २००. नाव उताऱ्याच्या इतर हक्कांत चढलेलं नसलं तरी माणूस तिथे राहत असेल तर हक्काचा प्रश्न उभा राहतोच. जमिनीवर जाऊन कोणाची चूल पेटते ते पाहा आणि त्यांच्याशी बोला. कब्जेदाराच्या रकान्यात कोमुनिदाद असेल, तर ती जमीन गावाच्या संस्थेची. तिथल्या घराच्या मुद्रांकपेपरवरच्या 'विक्री'ने काहीही हस्तांतरित होत नाही. आणि रकान्यात 'सरकार' लिहिलेलं असलं तरी प्रश्न मिटतोच असं नाही. सत्तरी तालुक्यात शेळ-मेळावलीला आयआयटीसाठी निवडलेली जमीन कागदावर सरकारी होती, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे बागायती करणाऱ्या लोकांनी ती आपली मानली. जानेवारी २०२१ मध्ये सरकारला तिथल्या आयआयटीचा बेत सोडून द्यावा लागला.

'म्युटेशन करून घ्या, विषय संपला.' म्युटेशनने जुन्या नावाला कंस पडतो आणि नवं नाव लागतं. अर्ज येतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत आली नाही तर नोंद मंजूर होते. नोटीस जाते ती रेकॉर्डवरच्या माणसाला. तो वारलेला असेल, त्याची मुलं लिस्बनला किंवा लंडनला असतील, घराला कुलूप असेल, तर हरकत कोण घेणार? गोव्यातला जमीन बळकाव घोटाळा नेमका या फटीतून आत शिरला. परदेशी गेलेल्यांच्या, वारस मागे नसलेल्यांच्या मालमत्ता हेरायच्या, जुने खरेदीदस्त बनावट तयार करायचे, त्यांच्या आधारे म्युटेशन करायचं आणि स्वच्छ उतारा दाखवून पुढे विकायचं. जून २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, मग निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग आला, त्याने २०२३ मध्ये अहवाल दिला. बार्देशात, म्हणजे म्हापशाच्याच तालुक्यात, ही प्रकरणं विशेष गाजली. तिथे शेवटच्या खरेदीदाराने हा संदेश सांगतो ते सगळं केलेलं असू शकतं: उतारा पाहिला, दस्त नोंदवला, म्युटेशन केलं. म्हणून नुसता ताजा उतारा पुरत नाही. त्यावरच्या प्रत्येक म्युटेशन क्रमांकाची मूळ फाइल मागवा, सर्व्हेच्या वेळचा जुना उतारा मागवा, आणि फाइलमध्ये ज्या दस्ताचा आधार घेतला आहे तो मूळ पुस्तकात त्याच पानावर, त्याच शाईत, त्याच क्रमाने आहे का ते पाहा. ऑनलाइन उताऱ्याने तुमची एक फेरी वाचते. या फाइली त्यावर दिसत नाहीत.

राहिलं 'सरकार बघून घेईल'. सरकार मालकीची हमी देतं अशी पद्धत जगात आहे. रॉबर्ट टॉरेन्स यांनी ती १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू केली: सरकारी नोंदवही म्हणजेच मालकी, आणि नोंदीच्या चुकीने कोणाचं नुकसान झालं तर भरपाई. भारतात नीती आयोगाने निर्णायक मालकीच्या आदर्श कायद्याचा मसुदा २०२० मध्ये मांडला, पण तो राज्यांनी स्वीकारायचा असतो आणि गोव्यात आज अशी हमी नाही. इथे चुकीच्या माणसाकडून जमीन घेतली तर तुमच्या हातात उरतं ते विकणाऱ्याविरुद्धचं गाऱ्हाणं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, उलट करार नसेल तर, आपल्याला विकण्याचा हक्क आहे अशी हमी विकणाऱ्याने दिली असं मानलं जातं. म्हणून खताचा मसुदा हातात आला की ती हमी उलट शब्दांनी काढून टाकलेली नाही ना ते आधी वाचा, नुकसानभरपाईचं कलम घालून घ्या, आणि त्या कलमाखाली एकट्या भावाची नव्हे, सगळ्या वारसांची आणि त्यांच्या जोडीदारांची सही घ्या.