तीसच्या स्पीडला कशाला हवं हेल्मेट

"तुम्ही तिकडे ऑटोबानवर दोनशेने जाता म्हणून तुम्हाला चिलखत लागतं, आम्ही लक्ष्मी रोडला तीसने जातो, आम्हाला काय गरज" असं शाळेतल्या एका पुण्याच्या मित्राने मला ऐकवलं (मी जर्मनीत राहते, ऑटोबान म्हणजे इथला एक्स्प्रेसवे), वर "तिथे बसून तुला काय कळणार" हेही जोडलं, आणि तेव्हापासून भांडी लावताना, ट्रामची वाट बघताना, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडतेय. विषय पुण्याचा लाडका, हेल्मेटसक्ती. २०१९ च्या १ जानेवारीपासून शहरात कडक कारवाई सुरू झाली तेव्हा विरोधी कृती समिती, मोर्चा, सगळं यथासांग पार पडलं. मग २०२४ च्या नोव्हेंबरात मागे बसणाऱ्यांवरही कारवाई करा असा आदेश राज्यभर निघाला आणि परत पहिल्यापासून सुरू. कायदा बघायला गेलं तर १९८८ चा, कलम १२९, त्यात चालवणारा आणि मागे बसणारा दोघंही आहेत. म्हणजे जी गोष्ट इतकी वर्षं पुस्तकात आहे तिच्यावर दर थोड्या वर्षांनी आपल्याकडे 'आता हे काय नवीन' असा गदारोळ होतो. कमाल आहे.

आता या तीसचं बघू, कारण माझा खरा राग त्या आकड्यावर आहे. युरोपात हेल्मेट पास करायची जी टेस्ट असते त्यात आत खोटं डोकं बसवलेलं हेल्मेट लोखंडी ऐरणीवर आपटतात, आणि त्या आपटण्याचा नेहमीचा वेग सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. याच टेस्टच्या नवीन, २२.०६ नावाच्या स्टँडर्डमध्ये अजून जोराचा एक फटका वाढवला, सेकंदाला ८.२ मीटरचा, तोही तीसच्या आतच बसतो. म्हणजे हेल्मेट बनवतात तेच मुळी या तीसच्या फटक्यासाठी. दोनशेने जाऊन डोकं थेट भिंतीवर आपटलं तर जगातलं कुठलंच हेल्मेट काही करू शकत नाही, तेव्हा उलट ऑटोबानवाल्यांनी म्हणायला हवं की आम्हाला काय उपयोग. आणि गाडी सिग्नलला उभी असताना मागून कुणी नुसता धक्का दिला आणि तुम्ही आडवे झालात तरी दीड मीटरवरून पडणारं डोकं जमिनीला लागेपर्यंत ताशी वीसच्या आसपास पोचतं, हे न्यूटनचं आहे, जर्मनांचं नाही. हेल्मेटने मरणाची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची ६९ टक्क्यांनी कमी होते असा जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ मध्येच येऊन गेला. आपल्या सरकारचाच २०२२ चा अहवाल सांगतो की त्या वर्षी रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ५०,०२९ हेल्मेट नसलेली होती. इथे जर्मनीत अख्ख्या देशात वर्षाला पाचशेच्या आसपास मोटरसायकलवाले जातात. हो, माहितीये मला, लोकसंख्या वेगळी, गाड्या वेगळ्या, तुलना बरोबर नाही, पण आकडा बघितला की पोटात गोळा येतो तो येतोच.

इकडे गिअर, म्हणजे गाडीवर अंगात घालायचं संरक्षक सामान, ही चर्चेची गोष्टच नाही. माझी शेजारीण, साठी केव्हाच ओलांडलेली, मार्चात ठराविक महिन्यांपुरत्या नंबरप्लेटचा सीझन सुरू झाला की पहिल्या रविवारी लेदर कॉम्बी, म्हणजे चामड्याचा जॅकेट-पँटचा सूट, चढवते, पाठीला प्रोटेक्टर, आणि खाली ब्रेड आणायलासुद्धा तशीच जाते. मी लायसन्स काढलं तेव्हा परीक्षेलाच हेल्मेट, ग्लोव्हज, जॅकेट, पँट, पाठीचा प्रोटेक्टर, घोटा झाकणारे बूट, यातलं काही नसेल तर परीक्षाच नाही असा नियम. ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समध्ये गेलं की २०१६ पासून ग्लोव्हज सक्तीचे. बेल्जियममध्ये तर २०११ पासून लांब बाह्यांचं जॅकेट, लांब पँट आणि बूटसुद्धा. कुणी मोर्चा काढत नाही, घालतात आणि निघतात.

मित्राला मी हे सगळं लिहिलं तर त्याने फट्कन अमेरिका काढली. इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत मोटरसायकलवाल्यांना हेल्मेटचा कायदाच नाही, मग ते काय अडाणी आहेत का. एरवी अमेरिकेतलं काही सांगितलं की 'तिकडचं तिकडे' म्हणणारा हा माणूस, याला न्यू हॅम्पशायर बरोबर सापडतं. मग मी इंग्लंड काढलं. तिथे १९७३ मध्ये सक्ती आली तेव्हा फ्रेड हिल नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हेल्मेट घालायला नकार दिला, दंड भरायलाही नकार दिला, परत परत तुरुंगात गेले आणि १९८४ मध्ये पेंटनव्हिल तुरुंगातच वारले. मला त्यांचं म्हणणं अजिबात पटत नाही पण त्यांच्यासमोर हात जोडावेसे वाटतात, कारण त्या माणसाने किंमत मोजली. आपले लोक तत्त्वासाठी चौक बदलतात, पोलीस दिसला की टाकीवर ठेवलेलं हेल्मेट डोक्यावर टेकवतात आणि पुढच्या वळणावर परत कोपरात अडकवतात. बरं, मग ते कोपराला तरी चांगल्यापैकी बसवा.

आता खरं सांगायचं तर जर्मन लोक जन्मतः शहाणे वगैरे काही नाहीत, हे मी मित्राला सांगितलं नाही पण इथे लिहिते. जर्मनीत हेल्मेटचा कायदा १९७६ चा, पण दंड नव्हता, तो १९८० मध्ये आला आणि मगच उरलेल्यांनी मुकाट्याने घातलं. गाडीतल्या सीटबेल्टची तीच गोष्ट, नियम १९७६ मध्ये, दंड १९८४ मध्ये, आणि मधल्या काळात पट्ट्याने गुदमरून मरू, गाडी पेटली तर अडकू, यावर हे लोक तावातावाने भांडले. वाचलं की अगदी सदाशिव पेठेत असल्यासारखं वाटतं. आजसुद्धा ऑटोबानला स्पीड लिमिट लावा म्हणून बघा कुणाजवळ, १९७४ पासून 'मोकळ्या नागरिकांना मोकळा रस्ता' ही घोषणा आहे ती आहेच, तिथे सगळी आकडेवारी, सगळं शास्त्र खिडकीबाहेर. आणि परीक्षा सोडली तर कायद्याने सक्ती फक्त हेल्मेटची आहे, बाकी काही नाही, त्याचा दंडही १५ युरो. जुलैत व्हेस्पावर हाफ पँट आणि सपाता घालून जाणारे ढिगाने दिसतात. अपघातात अंगावर प्रोटेक्टिव्ह कपडे नव्हते म्हणून भरपाई कमी करायची का यावर इथल्या कोर्टांचे निकालही दोन्ही बाजूंनी आहेत. सायकलवाले तर निम्म्याहून जास्त बोडक्याने जातात, माझ्या ऑफिसातला सेफ्टीवालासुद्धा.

आणि मूळ फरक हा की इथे मोटरसायकल लागत कुणालाच नाही. ट्राम आहे, कार आहे, मोटरसायकल म्हणजे रविवारी ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात बी ५०० या रस्त्यावर वळणं घ्यायची आणि मुमेलझे नावाच्या तळ्यापाशी केक खायचा. हौसेला गिअर शोभतं, त्यात अर्धी मजा तर ते चढवण्यात आहे. आपल्याकडे स्प्लेंडरवर माणूस कामाला जातो, मधे मुलगा, मागे बायको, हँडलला डबा आणि भाजी, त्याला तुम्ही आठ-दहा हजारांचं जॅकेट घे म्हणाल तर तो तुमच्या तोंडाकडे बघेल आणि त्याचं बरोबरच आहे. त्यातून एप्रिलचं ऊन. इथे बावीस डिग्रीला जॅकेटची चेन उघडणाऱ्या माझ्यासारखीने चाळीस डिग्रीवर बोलू नये, हे मान्य. पण हेल्मेट परवडत नाही हे मात्र मला सांगू नका, आयएसआयवालं चांगलं हेल्मेट त्याच माणसाच्या मोबाईलपेक्षा कितीतरी स्वस्त असतं. जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी फुटपाथवर ती पातळ टोपडी टांगलेली असतातच, आणि लोक तीच घेतात कारण ती डोक्यासाठी घेतलेली नसतात, पावतीसाठी घेतलेली असतात.

दुसऱ्या टोकाला आपली नवीन बुलेट आणि केटीएमवाली मंडळी आहेत. पहाटे पाचला ताम्हिणीला निघालेली, पायापासून डोक्यापर्यंत गिअर, गुडघ्याला गार्ड, छातीवर कॅमेरा, 'ऑल द गिअर, ऑल द टाइम' असं स्टेटस. मला त्यांचं कौतुक आहे, खरंच आहे, आता रायनॉक्ससारखे आपलेच लोक चांगलं सामान बनवतात म्हणून तर हे झालं. पण यांचा ॲक्टिव्हावाल्या काकांकडे बघायचा जो सूर असतो तो माझ्या डोक्यात जातो, आणि त्यातलाच एखादा संध्याकाळी त्याच गाडीवर बर्म्युडा आणि चपलेत दूध आणायला बोडक्याने निघतो तेव्हा जास्तच. मरण काय फक्त ताम्हिणीत असतं का? चौकातल्या डेअरीपर्यंत नसतं?

मागे बसणाऱ्या बायकांचं कुणी बोलतच नाही. २०२२ मधल्या त्या हेल्मेट नसलेल्या ५०,०२९ मधले १४,३३७ मागे बसलेले होते. नवऱ्याच्या डोक्यावर पोलिसांपुरतं का होईना हेल्मेट, आणि बायको साडीत एका बाजूला बसलेली, मांडीवर पिशवी, धरायला काही नाही. माझ्या मावशीला मी म्हणलं तर ती म्हणाली अंबाड्यावर कुठे बसतंय ते, आणि तिचं म्हणणं अगदी खरं आहे, नाही बसत, वेणी घालावी लागते, आणि लग्नाला जाताना कोण वेणी घालणार. इथल्या दुकानात माझ्या डोक्याचं माप घेऊन गालाचे पॅड बदलून देतात, मावशीचं माप घ्यावं असं कुणाला कधी वाटलंच नाही.

मला वाटतं हा सगळा वाद मुळात चेहऱ्याचा आहे. पुण्यात गाडी चालवणं म्हणजे नुसतं कुठेतरी जाणं नाही, सिग्नलला "काय गं, कधी आलीस" म्हणून कुणीतरी ओरडणार, तुम्ही हात करणार, तो "घरी ये" म्हणणार आणि सिग्नल सुटणार. हेल्मेटमध्ये हे बंद होतं. लगेच कुणी म्हणेल की मग मुलींचे स्कार्फ? हो की, मी स्वतः कॉलेजभर स्कूटीवर डोळे सोडून सगळं गुंडाळून फिरले, धूळ आणि ऊन हे कारण घरच्यांना सांगायला होतं, खरं म्हणजे आम्हाला ओळखू यायचंच नव्हतं. पण तो आमचा निर्णय होता, त्याला कुणी सक्ती म्हणलं असतं तर आम्हीही पहिल्या दिवशी सोडला असता. इतका साधा हट्ट आहे हा, आणि तो मला इतका आतून कळतो की त्यामुळेच राग येतो.

कारण इथे माझं नेमकं उलटं आहे. व्हिझर खाली, ग्लोव्हज घातलेले, जॅकेटची कॉलर वर, असं मी निघाले की समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवतो, आणि मीही दाखवते. त्याला माझं कातडं दिसत नाही, उच्चार ऐकू येत नाही, त्याच्या लेखी मी एक मोटरसायकलवाली, संपलं. मुमेलझेला हेल्मेट काढलं की मग सुरू, तुम्ही मूळच्या कुठल्या, तुमच्याकडे बायका मोटरसायकल चालवतात का, वा, जर्मन छान बोलता. वाईट कुणी बोलत नाही, उगाच खोटं कशाला सांगू, पण इतकी वर्षं टॅक्स भरून या देशात मी सगळ्यात जास्त इथली असते ती हेल्मेटच्या आत असताना. आणि पुण्यात आले, दादाची गाडी घेतली, तेच हेल्मेट घातलं, तर पूर्ण टिळक रोड पार होतो आणि मला हाक मारणारं कुणी नसतं. वहिनी म्हणते ते हेल्मेटमुळे. मला शंका आहे. हाक मारणारे आता बाणेरला, नाहीतर माझ्यासारखे कुठल्या तरी तिसऱ्याच देशात गेलेत, आणि राहिलेल्यांना माझं तोंड उघडं असतं तरी आठवलं असतं का, देव जाणे. हेल्मेटवर भांडलं की निदान मला 'आपल्याकडे' हा शब्द दहा वेळा वापरता येतो आणि समोरचा चिडून का होईना उत्तर देतो. म्हणून "तिथे बसून तुला काय कळणार" हे इतकं लागलं, तीसचं वगैरे नंतर.

आणि 'आधी खड्डे बुजवा मग हेल्मेट मागा' हे जे कृती समितीपासून सगळ्यांचं आवडतं आहे, त्यावर एवढंच की खड्डे आहेत म्हणून तर घाला. बुजवायलाही सांगा, मी येऊन तुमच्याबरोबर महापालिकेसमोर उभी राहते, त्यासाठी डोकं उघडं कशाला ठेवायचं.

एप्रिलमध्ये येतेय. उन्हाळ्याचं जाळीचं जॅकेट आणतेय, आत कोपराला आणि खांद्याला पॅड असलेलं, आणि दादाने आत्ताच बजावून ठेवलंय की ते घालून माझ्या ऑफिसखाली येऊ नकोस, लोक विचारतात. मित्राला म्हणलं भेटू, भांडण समोरासमोर करू. तो म्हणाला ये की, गाडीवरूनच जाऊ कुठेतरी, बस मागे. मी विचारलं तुझ्याकडे दुसरं हेल्मेट आहे का, किंबहुना पहिलं तरी आहे का. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.